फोटोवर बोलायचं कसं, ऐकायचं कसं: हौशी छायाचित्रकारांच्या बैठकीसाठी टप्प्याटप्प्यानं

गेल्या पावसाळ्यात आमच्या रविवारच्या बैठकीत एका मुलीनं खंडेराव मार्केटातला फोटो दाखवला. भाजीवाल्या मावशी, मागून कमानीतून येणारा उजेड, मावशींचा चेहरा जवळजवळ काळोखात. फोटो पडद्यावर येऊन दहा सेकंदही झाले नसतील, तोच मी म्हणालो, ‘चेहरा अंडरएक्स्पोज झालाय, शॅडो उचल.’ म्हणजे उजेड कमी पडलाय, एडिटिंगमध्ये काळोखा भाग उजळ कर. मग बाकीच्यांनी तेच पुढे ओढलं. कुणी आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला तो आकडा) विचारला, कुणी लेन्स विचारली, कुणी फ्लॅश का नाही वापरला ते विचारलं. मुलीनं मान डोलावली, पेन ड्राइव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि पुढचे चार महिने ती फिरकली नाही. नंतर कळलं, की चेहरा तिला दाखवायचाच नव्हता. मावशींच्या हातातल्या तराजूच्या पारड्यावर उन्हाची एक तिरीप पडली होती, फोटो त्या तिरिपीचा होता. आम्ही सातजण होतो आणि तराजू एकानंही पाहिला नव्हता.

आमच्यात उद्धट कुणी नव्हतं. चुकला तो क्रम. फोटो नीट पाहून होण्याआधीच आम्ही तो दुरुस्त करायला बसलो. त्यानंतर आम्ही बैठकीचा क्रम बदलला, तोच इथे लिहितो आहे. चार ते सात जण, एखाद्याच्या घरचा दिवाणखाना, एक लॅपटॉप किंवा टीव्ही आणि टेबलभर प्रिंट्स, एवढ्यासाठी तो पुरतो. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका घरी बसतो. गाव वेगळं असलं तरी क्रमात फरक पडू नये.

टप्पा १ : काय दाखवायचं ते घरीच ठरवा

आधी साधा हिशेब करा. सहा माणसं, प्रत्येकी तीन फोटो, फोटोमागे आठ मिनिटं, म्हणजे १४४ मिनिटं. जवळजवळ अडीच तास कुणाचं डोकं ताजं राहत नाही आणि शेवटच्या माणसाच्या वाट्याला जांभया येतात. म्हणून माणशी दोनच फोटो चर्चेला ठेवा. ९६ मिनिटांत काम होतं. तिसरा फोटो वेळ उरला तर दाखवता येईल.

निवडताना ज्याबद्दल तुम्हाला खरंच शंका आहे तो फोटो घ्या. फोटो निदान आठवडाभर जुना असावा. कालच काढलेल्या फोटोत आपल्याला फोटोपेक्षा काल जास्त दिसतो. पहाटे चारला उठून वढवाणा तलावावर गेलात, दोन तास थंडीत कुडकुडत बसलात, अखेर हवा तो पक्षी उडाला आणि बटण दाबलं. हे सगळं तुमच्या मनात ताजं असतं. पाहणाऱ्यासमोर मात्र एक चौकट असते आणि तिच्यात तांदळाच्या दाण्याएवढा पक्षी. आठवड्यानं तो दाणा तुम्हालाही दिसू लागतो.

चार-पाच फोटोंची मालिका असेल तर ती एक फोटो म्हणूनच मांडा आणि क्रम ठरवून आणा. ‘यातला कुठला चांगला?’ म्हणून वीस फोटो सरकवत बसू नका. निवड करणं हे तुमचं काम आहे, बैठकीचं नाही.

तपासा: हा फोटो मी का दाखवतोय? उत्तर ‘आवडलाय, कौतुक हवंय’ असं असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तो फोटो चर्चेला ठेवू नका. आमच्याकडे चहा आणि सेव उसळ येते तेव्हा ‘नुसते बघायचे’ फोटो फिरतात. त्यांच्यावर सूचना करायची नाही असा नियम आहे आणि तो कडक पाळला जातो.

टप्पा २ : फाइल, पडदा, प्रिंट

अर्धे गैरसमज इथेच जन्मतात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल दाबली जाते. बारीक तपशील जातात, आकाशात पट्टे उमटतात आणि मग सगळे त्या पट्ट्यांवर बोलत बसतात. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोचते. बैठकीसाठी लांब बाजू निदान २०४८ पिक्सेल असलेली जेपेग फाइल आणा, रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक पडद्यांवर चालणारी रंगपद्धत) निवडा. मूळ, न कापलेली फाइलही जवळ ठेवा. क्रॉपबद्दल प्रश्न निघाला की कडेला काय होतं ते पाहावं लागतं.

पडद्यावर दाखवणार असाल तर बैठक सुरू होण्याआधी ‘नाइट लाइट’ किंवा ‘नाइट शिफ्ट’ बंद आहे का ते बघा. वेळ लावून ठेवलेली असली तर संध्याकाळी ते आपोआप सुरू होतं आणि सगळे फोटो पिवळट दिसतात. एकदा सूरसागर तलावाच्या संध्याकाळच्या फोटोवर आम्ही पंधरा मिनिटं व्हाइट बॅलन्सची, म्हणजे फोटोतल्या रंगांच्या तोलाची, चर्चा केली. पिवळेपणा लॅपटॉपचा होता. टीव्हीवर दाखवत असाल तर रंग भडक करणारा ‘व्हिविड’ मोड काढून टाका. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडत असेल तर पडदे ओढा.

माझं मत स्पष्ट आहे: जमेल तेव्हा प्रिंट आणा. प्रिंटवर झूम करता येत नाही, त्यामुळे लोक चौकट पूर्ण पाहतात. पडद्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात कुणीतरी दोनशे टक्के झूम करून डोळ्याची पापणी शार्प आहे का ते पाहतो आणि उरलेला फोटो राहून जातो. ६ × ४ इंची प्रिंटला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) हिशेबानं १८०० × १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे साध्या फोनची फाइलही चालते. चर्चेसाठी मात्र १२ × ८ बरी, सगळ्यांना एकदम दिसते. प्रिंट खिडकीजवळच्या उजेडात ठेवा, पिवळ्या दिव्याखाली नको.

सावधान: प्रिंटवर बोट टेकवू नका. पेन्सिलीची मागची बाजू वापरा, तीही वरून दाखवायला.

टप्पा ३ : प्रश्न लिहून आणा

लोक सर्वांत जास्त टाळतात तो हा टप्पा. ‘कसा वाटला?’ हा प्रश्नच नव्हे. त्याला ‘छान’ एवढंच उत्तर येतं, नाहीतर समोरच्याच्या मनात त्या दिवशी जे घोळत असेल ते येतं. नवी लेन्स घेतलेला माणूस लेन्सवर बोलतो, नुकताच एडिटिंगचा कोर्स केलेला रंगांवर बोलतो.

प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर फोटो पाहूनच देता यावं. काही नमुने, आमच्या वहीतून:

‘नजर आधी कुठे जाते?’
‘मागची मोटरसायकल खटकते का, की रस्ता म्हणून चालून जाते?’
‘या बाई वाट बघताहेत असं वाटतं का?’
‘काळापांढरा केला, त्यानं काही हरवलं का?’
‘वरचं आकाश अर्ध्यावर कापलं तर चालेल का?’

यातल्या तिसऱ्या प्रश्नात एक गोम आहे. ‘वाट बघताहेत’ हे शब्द तुम्ही आधीच उच्चारलेत, आता सगळ्यांना तेच दिसणार. म्हणून प्रश्न कागदावर लिहा, घडी घाला आणि बैठक चालवणाऱ्याकडे द्या. लोकांनी फोटो पाहून, दिसलं ते सांगून झालं की मगच घडी उघडायची. ती खंडेराव मार्केटवाली मुलगी परत आली तेव्हा तोच फोटो प्रिंट करून घेऊन आली होती, पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘तराजू दिसतो का?’ आता सहापैकी दोघांना दिसला. हे उत्तर तिच्या कामाचं होतं, कारण तराजू फोटोत आहे पण चौघांना तो दिसत नाही एवढं तिला नेमकं कळलं.

चुका ज्या वारंवार होतात: प्रश्नात माफी घालणं (‘घाईत काढलाय, पण...’), प्रश्नात गोष्ट सांगणं (‘हे बाबा तीस वर्षं इथे बसतात’), आणि एका फोटोला पाच प्रश्न. एक प्रश्न लिहा, फार तर दोन.

टप्पा ४ : बैठक लावून घ्या

एकानं बैठक चालवायची. त्यानं घड्याळ बघायचं, बोलण्याचा क्रम राखायचा आणि त्या दिवशी आपला फोटो शेवटी दाखवायचा. ही जबाबदारी दर महिन्याला फिरती ठेवा.

बोलायला सुरुवात वयानं सर्वांत लहान माणसापासून करा. आपल्याकडे काकांनी एकदा ‘मला तर फारच आवडला’ म्हटलं, की बावीस वर्षांची मुलगी ‘मला डावीकडचा भाग रिकामा वाटला’ असं म्हणत नाही. ती म्हणते, ‘हो, छान आहे.’ तिला आधी बोलू दिलं तर दोन्ही मतं खोलीत येतात आणि काकांनाही ऐकायला वेगळं काही मिळतं. फोटो काकांचाच असेल तर हे आणखी जपा. लहानांनी बिनधास्त ‘काका, तुमच्या फोटोत मला आधी खांब दिसला’ म्हणावं, ‘अहो-जाहो’ तसंच राहू द्यावं. आदर भाषेत असला तरी मत सौम्य करायची गरज पडत नाही.

आमच्या बैठकीत अर्धं बोलणं मराठीत, अर्धं गुजरातीत चालतं, त्यामुळे एका शब्दाची आम्हाला फार वेळा अडचण झाली. गुजरातीत ‘सरस’ म्हणजे छान. मराठीत ‘सरस’ म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरचढ. ‘आ फोटो सरस छे’ असं कुणी म्हटलं की मराठी मन विचारतं, कशापेक्षा? आम्ही आता तो प्रश्न मुद्दाम विचारतो. ‘आधीच्या फोटोपेक्षा’ असं उत्तर आलं की बोलणं लगेच ठोस होतं.

टप्पा ५ : एक मिनिट गप्प, मग फक्त दिसतं ते

फोटो समोर आला की पूर्ण एक मिनिट कुणी बोलायचं नाही. घड्याळ लावून एक मिनिट. पहिल्यांदा ते फार लांब वाटतं, वीस सेकंदांनी खुर्च्या कुरकुरतात. पण साधारण तिसाव्या सेकंदानंतरच नजर कडांकडे जाते, मागच्या भिंतीकडे जाते, तराजूकडे जाते.

मग एकेकानं फक्त दिसलं ते सांगायचं. आवडलं-नावडलं नाही, सूचना नाहीत. ‘मला दिसलं’, ‘माझी नजर इकडून तिकडे गेली’, ‘मला वाटलं की ही सकाळ आहे’, इतकंच. फोटो काढणाऱ्यानं या वेळात तोंड उघडायचं नाही, मानही डोलवायची नाही.

एका बैठकीतला फोटो जवळून सांगतो. नवरात्रीतला. फेर धरलेल्या बायका, चणियांचा (घागऱ्यांचा) घेर फिरून रंगांच्या पट्ट्या झालेला, मधोमध एका आजींचा चेहरा मात्र बऱ्यापैकी स्थिर. शटर १/१५ सेकंद, म्हणजे हलणारं पुसट होण्याइतका वेळ उघडा.

सर्वांत लहान मुलगा म्हणाला, ‘मला आधी डाव्या कोपऱ्यातला पांढरा दिवा दिसला. मग लाल पट्टा. आजी तिसऱ्या.’

दुसरी म्हणाली, ‘मला आजी आधी दिसल्या. पण त्यांचा उजवा हात कुठे संपतो आणि शेजारणीचा कुठे सुरू होतो ते कळेना.’

शेवटी काका: ‘मला घोळका गोल फिरतोय हे लगेच कळलं. आजी हसताहेत की दमल्यात ते दोनदा पाहावं लागलं.’

कुणीही ‘शटर वाढवायला हवा होता’ असं म्हटलं नाही, म्हणून या तीन गोष्टी बाहेर आल्या. नाहीतर पहिलाच माणूस म्हणाला असता, ‘१/२५० वर काढ, सगळं फ्रीज होईल.’ झालंही असतं, आणि त्याबरोबर फोटोतला गरबाही थांबला असता.

सराव हवा असेल तर सयाजीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत दोघं-दोघं जा. एका चित्रासमोर मिनिटभर उभं राहा आणि आळीपाळीनं दिसतं ते सांगा. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रंही यासाठी उत्तम, कारण त्यांत एका नजरेत न मावणारी माणसं आहेत. चित्रकार समोर नसल्यानं कुणाला लागायची भीती नाही आणि जिभेला वर्णनाची सवय होते. आमच्यातल्या दोघांचं बोलणं तीन रविवारांत बदललेलं मी पाहिलं आहे.

सावधान: ‘मला आवडलं’ या वाक्यानं सुरुवात झाली की बैठक चालवणाऱ्यानं नम्रपणे थांबवावं: ‘ते पुढे घेऊ. आधी काय दिसलं?’

टप्पा ६ : आधी प्रश्नाचं उत्तर, मग सूचना

आता घडी उघडा, प्रश्न मोठ्यानं वाचा आणि त्याच प्रश्नाचं उत्तर द्या. वरच्या फोटोचा प्रश्न होता, ‘आजी आधी दिसतात का, की रंग?’ तिघांची उत्तरं न मागता आधीच मिळाली होती. एकाला दिवा, एकीला आजी, एकाला फेर.

त्यानंतर सूचना. सूचना देण्याआधी स्वतःला एक गोष्ट विचारा: मला जे खटकतंय ती चूक आहे की त्यांनी केलेली निवड? आकाशातले हायलाइट (सर्वांत उजळ भाग) जळून नुसते पांढरे झालेत, क्षितिज दोन अंशांनी झुकलंय आणि कुठलंही कारण दिसत नाही, फोकस नाकाच्या शेंड्यावर आणि डोळे मऊ, या बहुतेक वेळा चुका असतात. काळाकुट्ट चेहरा, हललेले हात, मुद्दाम रिकामा ठेवलेला अर्धा फोटो, या निवडी असू शकतात. शंका असेल तर सूचना प्रश्न करून विचारा: ‘हात मुद्दाम हलू दिलेस का?’

मग खटकणारी गोष्ट कुठल्या खणात जाते ते ठरवा. काही गोष्टी फाइलमध्ये सुधारतात, उदाहरणार्थ किंचित वाकडेपणा, कोपऱ्यातला उजेड, रंगांचा तोल. काही परत जाऊनच सुधारतात, उदाहरणार्थ उभं राहण्याची जागा, उन्हाची दिशा, शटर. काही सुधारतच नाहीत, तो क्षण गेला. तिसऱ्या खणातल्या गोष्टीवर एक वाक्य पुरे. तिच्यावर दहा मिनिटं बोलून फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

एक उदाहरण देतो, कारण नवरात्रीनंतर दर वर्षी हे निघतं. मैदानाचा काळोख फ्रेममध्ये जास्त आला की कॅमेऱ्याचा मीटर फसतो, त्याला वाटतं उजेड कमी आहे, तो एक्स्पोजर वाढवतो आणि पांढरं केडियुं (गरब्यात पुरुष घालतात तो घेरदार अंगरखा) सपाट पांढरा ठिपका होतं. जेपेगमध्ये गेलेला तो पोत स्लायडर ओढून परत येत नाही. तेव्हा ‘हायलाइट खाली आण’ ही सूचना निरुपयोगी. ‘पुढच्या वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवून बघ’, म्हणजे मीटर सांगतो त्यापेक्षा कॅमेऱ्याला उजेड कमी घ्यायला लाव, ही कामाची. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीसमोर नेमकं उलट होतं, भिंत राखाडी येते, तिथे अधिक एक लागतो.

क्रॉपची सूचना तोंडानं देऊ नका. काळ्या कार्डपेपरचे ‘एल’ आकाराचे दोन तुकडे कापून ठेवा. प्रिंटवर ते सरकवले की नवी चौकट सगळ्यांना एकदम दिसते. गरब्याच्या फोटोत आम्ही दिवा कापून पाहिला. दिवा गेला, पण फेराची डावी बाजूही गेली आणि बायका गोल फिरताहेत हेच कळेना. बोलण्यात जी सूचना सगळ्यांना पटली होती ती कार्डांनी दहा सेकंदांत बाद केली. शेवटी ठरलं: फाइलमध्ये तो कोपरा थोडा काळवंडायचा आणि पुढच्या नवरात्रीत खांबाच्या उजवीकडे तीन पावलं सरकून उभं राहायचं.

सूचनेचे शब्दही थोडे घासून घ्या. ‘बॅकग्राउंड खराब आहे’ यात माणूस काय करणार? ‘डोक्यामागून विजेची तार जाते, ती कानातून निघाल्यासारखी वाटते’ यात तो काहीतरी करू शकतो. ‘फोटोत जान नाही’ हे तर बोलूच नका. त्याच्यापाशी कसलीच जागा दाखवता येत नाही.

आणखी तीन गोष्टी ज्या बैठक बिघडवतात. समोरच्याचा फोन हातात घेऊन स्वतः स्लायडर ओढणं. ‘माझ्याकडेही असाच फोटो आहे’ म्हणून आपला फोटो काढून दाखवणं. आणि ‘फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे, मग बघ’. कॅमेरा बदलायचा सल्ला, कुणी विचारल्याशिवाय, आमच्याकडे बंद आहे. तांबेकर वाड्यात मंद उजेडात भिंतीवरची चित्रं फोनवर काढणाऱ्या मुलाला सेन्सरचा आकार ऐकवून काय मिळणार? ‘खांब किंवा चौकटीला कोपर टेकव, श्वास सोडताना बटण दाब’ यानं त्याचे पुढचे फोटो हलले नाहीत.

माणसांच्या फोटोंबद्दल एक वेगळा प्रश्न असतो आणि तो सगळ्यात शेवटी, शांतपणे विचारा: ‘त्यांना विचारलं होतंस का?’ विशेषतः मुलं, आजारी माणसं, वस्तीतल्या घरांची दारं. घरट्यावरच्या पक्ष्यांबाबतही हाच सूर ठेवा. फोटो कितीही जमलेला असो, पिलांना किंवा माणसाला त्रास झाला असेल तर ते स्पष्ट बोलायला हवं. ही आवडीनिवडीची बाब नाही, म्हणून ती प्रकाश-रचनेच्या सूचनांमध्ये मिसळू नका.

टप्पा ७ : ऐकणाऱ्याचं काम

वही आणि पेन घेऊन बसा. फोनवर टाइप करू नका, मेसेज आला की लक्ष जातं. जे बोललं जाईल ते त्याच शब्दांत लिहा. ‘आजी तिसऱ्या’ हे तसंच लिहा, ‘सब्जेक्ट कमजोर’ असं भाषांतर नको. घरी गेल्यावर तुम्हाला तुमचं भाषांतर वाचायला मिळेल, त्यांचं मत नाही.

उत्तर देऊ नका. ‘अहो, तिथे जागाच नव्हती’, ‘गर्दी इतकी होती की’, हे खरं असतं, पण त्यानं समोरचा गप्प होतो. तोंडातून काही निघायचंच असेल तर ‘लिहून घेतलं’ एवढं म्हणा. सगळ्यांचं झाल्यावर दोन मिनिटं तुमची. त्यात आधी एखादं मत नीट कळलं नसेल तर ‘कुठे?’ असं विचारा. ‘का?’ विचारलं की माणूस बचाव करू लागतो, ‘कुठे?’ विचारलं की फोटोकडे बघतो. मग हवी ती गोष्ट सांगा, जागेची, गर्दीची, आजींची. आता ती ऐकायला सगळ्यांना खरंच आवडते.

वाईट वाटलं तर वाटू द्या. मलाही वाटतं, अजून. फक्त त्या रात्री फोटो एडिट करायला बसू नका आणि रागानं डिलीटही करू नका.

तपासा: वहीत निदान एक वाक्य असं आहे का, जे तुम्हाला आधी माहीत नव्हतं? नसेल तर बहुधा तुम्ही बोलत होतात, ऐकत नव्हतात.

टप्पा ८ : चाळणी, आणि परत जाणं

दोन दिवसांनी वही उघडा. प्रत्येक मतापुढे एक खूण करा: पटलं, पटलं नाही, करून बघतो. दोघा-तिघांना वेगवेगळ्या शब्दांत एकाच जागी काही खटकलं असेल तर तिथे काहीतरी आहे, त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा असला तरी. एकालाच खटकलं असेल आणि तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या, त्याबद्दल कुणाची माफी मागायची नाही.

‘करून बघतो’ मधली गोष्ट एका वेळी एकच बदला. क्रॉप, रंग आणि शार्पनिंग एकदम बदललं तर फरक कशानं पडला ते कळत नाही. मूळ फाइलवर काम करू नका, प्रत काढून घ्या आणि दोन्ही जवळजवळ ठेवून बघा.

जे फाइलमध्ये सुधारत नाही त्यासाठी परत जावं लागतं. आमच्यातल्या एकानं मांडवीचा, बडोद्याच्या जुन्या शहरातल्या कमानींच्या इमारतीचा, फोटो आणला होता, लहेरीपुरा दरवाजाकडून काढलेला, सकाळी आठचा. इमारत काळी, आकाश पांढरं. सगळे म्हणाले शॅडो उचल. त्यानं उचलल्या, कमानींत दाणे दाणे आले. मग वहीत सर्वांत लहान मुलीचं वाक्य सापडलं: ‘ऊन इमारतीच्या मागे आहे असं वाटतं.’ लहेरीपुरा पश्चिमेला, म्हणजे सकाळी तिकडून पाहताना सूर्य समोर. तो त्याच जागी, त्याच फोकल लेंग्थवर (लेन्सच्या तेवढ्याच झूमवर), संध्याकाळी गेला. पश्चिमेचं ऊन थेट कमानींवर आलं होतं, पण खाली वाहनांची भिंत. तिसऱ्या वेळी तो सकाळी लवकर, उलट्या बाजूनं, पाणीगेटकडून गेला. रस्ता मोकळा, ऊन पाठीशी, आणि एक झाडूवाली बाई मधल्या कमानीत.

पुढच्या बैठकीत त्यानं तिन्ही प्रिंट टेबलावर ओळीनं मांडल्या. तुम्हीही तसंच करा. नवा फोटो एकटा आणू नका, जुना शेजारी ठेवा. प्रिंटच्या पाठीवर तारीख, वेळ, उभं राहण्याची जागा आणि ज्या मतामुळे परत गेलात ते मत पेन्सिलीनं लिहा. त्याच्या तिसऱ्या प्रिंटमागे त्या मुलीचं वाक्य होतं. ती प्रिंट उलटी करून तिनं वाचलं, परत सरळ केली आणि म्हणाली, ‘आता मला आधी झाडू दिसतो.’ त्यानं वही उघडली आणि लिहून घेतलं.